जपानीचा श्रीगणेशा, घरच्या मराठीच्या आधाराने



गेल्या वर्षभरात आमच्याकडे जपानी भाषेची चौकशी करायला बरेच पालक येऊन गेले. कोणाचा मुलगा कार्टून बघता बघता "आरिगातोऽ" म्हणायला लागला आहे. कोणाच्या मुलीने इंजिनिअरिंगनंतर तिकडे जायचे मनात घेतले आहे. पिथमपूरजवळ खेडा येथे ब्रिजस्टोन या जपानी कंपनीचा टायरचा कारखाना आहे, तिथे उपयोग होईल का, असेही एकाने विचारले. सगळ्यांचा प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येतो: नानाखेड्यात राहून, जपानी शिकवणारे कोणी जवळ नसताना, ही भाषा शिकता येते का?

पहिल्या पायरीपुरती येते. त्याला रोजचा थोडा स्वतःचा अभ्यास लागतो आणि आठवड्यातून एकदा चार जणांची संगत लागते. आमच्या शाळेत दिवाळीनंतर शनिवारी दुपारी असा एक छोटा गट बसू लागला आहे. सात विद्यार्थी, दोन आया, बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा, आणि मागच्या बाकावर आम्ही. या गटात बसल्यावर आम्हांला जे दिसले ते सर्वांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी घरी शिकलो. त्यामुळे हिंदी आणि मराठी यांत जपानीच्या कामी कोण कुठे येते हे आम्ही जरा जास्त कुतूहलाने बघत होतो.

अक्षरे

जपानी लिहायला तीन लिप्या लागतात. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या, आणि तिसरी चीनमधून आलेली चित्राक्षरे, म्हणजे कांजी. पालक घाबरतात ते कांजीला, कारण सरकारने ठरवलेल्या नेहमीच्या वापरातील कांजींची यादीच २१३६ अक्षरांची आहे. पण जपानी मूलसुद्धा पहिलीच्या वर्षात फक्त ८० कांजी शिकते. आधी हिरागाना, मग काताकाना, आणि कांजी हळूहळू, असा क्रम धरला तर डोक्यावर ओझे येत नाही.

हिरागानाचा तक्ता फळ्यावर लिहिला तेव्हा पाचवीतला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ही तर आपली बाराखडीच आहे." त्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते. स्वर आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपण क, च, ट, त, प, आणि मग य, र, ल, व म्हणतो, तोच हा क्रम. च वर्गाच्या जागी 'सा' आहे, ट वर्ग जपानीत नाहीच, आणि प वर्गाच्या जागी 'हा' आहे, कारण फार जुन्या काळी या 'हा'चा उच्चार 'पा' होता. हा योगायोग नव्हे. जपानी बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी 'सिद्धम्' नावाची भारतीय लिपी शिकत आणि तिच्याबरोबर वर्णमालेची मांडणीही शिकत. त्या अभ्यासातून जपानी अक्षरांचा हा क्रम तयार झाला. जपानी शब्दकोश आजही याच क्रमाने लावलेला असतो. मराठी शब्दकोश उघडण्याची सवय असलेल्या मुलाला जपानी शब्दकोशात शब्द शोधायला दोन दिवस पुरतात. ज्याला वर्णमाला क्रमाने येत नाही (आणि आठवी-नववीतही अशी मुले आहेत, हे पालकांनी घरी तपासून पाहावे) त्याला मात्र इथेही अडखळावे लागते.

उज्जैनकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जपानात सात भाग्यदेवता मानतात, त्यांतील एक 'दाइकोकुतेन'. 'दाइ' म्हणजे मोठा, 'कोकु' म्हणजे काळा, 'तेन' म्हणजे देव. हा आपला महाकाल. चीनमार्गे जाताना 'काल' या शब्दाचा 'काळा' हा अर्थ धरून त्याच्या नावाचे भाषांतर झाले. तिथे गेल्यावर रूपही पालटले: हसरा चेहरा, खांद्यावर पिशवी, हातात हातोडी, पायाखाली तांदळाची पोती. सातांपैकी 'बेन्झाइतेन' म्हणजे सरस्वती आणि 'बिशामोन्तेन' म्हणजे वैश्रवण, अर्थात कुबेर. हे सांगितल्यावर गटातल्या एका आजींच्या नातीने ही तीन नावे कोणी न सांगता पाठ केली.

उच्चार

जपानी शब्द रोमन लिपीत लिहून शिकण्यापेक्षा देवनागरीत लिहिणे आपल्याला सोयीचे, पण एका अटीवर. जपानी 'आ' हा आपल्या 'आ'सारखा उघडा, मात्र ऱ्हस्व असतो. 'कासा' म्हणजे छत्री. ते 'कस' किंवा 'कसा' असे लिहिले की उच्चार बिघडला. लांब स्वर दाखवायला आम्ही अवग्रह वापरतो. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. ऱ्हस्व-दीर्घ चुकले की नाते चुकते. 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बीरु' म्हणजे बिअर, तेव्हा पत्ता विचारताना जपून! जोडाक्षराचेही तसेच. 'किते' म्हणजे 'येऊन', 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. जपानी माणूस बोलताना प्रत्येक अक्षराला एक मात्रा देतो. 'निप्पोन' हा शब्द नि-प्-पो-न् असा चार मात्रांचा, 'तोऽक्योऽ' हाही चार मात्रांचा. मात्रावृत्ते टाळी देऊन म्हणणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. हायकूची ५-७-५ ही मोजणीसुद्धा मात्रांचीच. शिरीष पै यांनी हा काव्यप्रकार मराठीत आणला आणि रुजवला, हे मोठ्या वर्गांतील मुलांना ठाऊक असावे.

आता मराठीचा पहिला खास उपयोग. जपानीत एक अक्षर आहे, 'त्सु' असे त्याचे वर्णन पुस्तके करतात. इंग्रजी आणि हिंदी माध्यमातली मुले त्याला 'टी-सु' किंवा 'सु' करून टाकतात. आम्ही म्हटले, 'चूल' म्हणा. 'चूल'मधला 'चू' जरा आखूड केला की झाले 'त्सु'. आणि 'चिंच'मधला 'चि' म्हणजे जपानी 'चि'. एकाच च चे दोन उच्चार मराठीने आपल्याला लहानपणीच दिलेले आहेत. 'जाड' आणि 'जीभ' यांतल्या 'ज'चेही तसेच. पण वर्गात असे आढळले की अर्ध्या मुलांचा 'चूल' हिंदीतल्या 'चूल्हा'सारखा झाला आहे. घरी आजी बोलते तो 'चू' त्यांना ऐकून माहीत आहे, जिभेवर नाही. अशा मुलांना आम्ही जपानीचा गृहपाठ म्हणून आजीकडून चूल, चाक, जुना, जाड हे शब्द दहादा ऐकून यायला सांगितले. आज्यांना याचे फार हसू आले, असे कळते.

'फु' हे अक्षर दात-ओठ लावून म्हणायचे नाही. गरम चहावर फुंकर घालतो तसे म्हणायचे. 'देस्' (आहे) लिहिताना शेवटी 'सु' असतो, बोलताना तो जवळजवळ गळतो. बाकी उच्चारांत फारसे अवघड नाही.

वाक्य

इथे आम्ही जरा जास्त वेळ थांबणार आहोत, कारण या लेखाचे मुख्य कारण इथेच आहे.

"मिझु ओ नोमिमास् का?" मिझु म्हणजे पाणी, 'ओ' हा कर्माचा प्रत्यय, नोमिमास् म्हणजे पिता, आणि शेवटी 'का'. पाणी पिता का? शब्दाला शब्द, जागेला जागा, आणि प्रश्नाचा 'का'सुद्धा तोच आणि तिथेच. दोन्ही भाषांचे घराणे वेगळे आहे, तेव्हा 'का' जुळणे हा निव्वळ योगायोग, पण शिकणाऱ्याला फुकट मिळालेला. हिंदीत "क्या" वाक्याच्या सुरुवातीला जातो. आमच्या गटातली मुले पहिल्या दिवशी "का मिझु..." अशी सुरुवात करीत होती. मनात हिंदी चालू आहे हे त्यावरून लगेच कळते.

"वाताशि वा उज्जैन नो गाकुसेऽ देस्." मी उज्जैनचा विद्यार्थी आहे. 'नो' म्हणजे चा, ची, चे, च्या सगळे एकातच. 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत, आणि दोन्ही आपल्यासारखेच शब्दाच्या मागून येतात. "इइ तेन्कि देस् ने" म्हणजे "छान हवा आहे ना". शेवटचा 'ने' हा आपला 'ना'. "ताबेते मिते कुदासाइ" याचा सुटा अर्थ 'खाऊन बघा'. 'ताबेते' खाऊन, 'मिते' बघ. चव घेऊन बघणे, करून बघणे, घालून बघणे, यांत आपण 'बघणे' ज्या अर्थाने वापरतो त्याच अर्थाने जपानी माणूस 'मिरु' वापरतो. 'मोत्ते किते' म्हणजे 'घेऊन ये'. 'ऊन' आणि 'ते' एकमेकांच्या जागी ठेवता येतात. मराठीत 'आई पोळ्या लाटून, भाजून, डब्यात भरून कामाला गेली' असे वाक्य सहज होते, आणि जपानीही असेच एकामागे एक 'ते' लावत शेवटच्या क्रियापदापर्यंत जाते.

आणखी दोन गोष्टी. 'काल आलेला माणूस' हे जपानीत 'किनोऽ किता हितो'. किनोऽ काल, किता आलेला, हितो माणूस. 'उद्या येणारा माणूस' म्हणजे 'आशिता कुरु हितो'. 'आईने केलेला स्वयंपाक' म्हणजे 'हाहा गा त्सुकुत्ता र्योऽरि'. जपानीत 'जो माणूस काल आला होता तो' अशी रचनाच नाही. नामाच्या आधी सगळे वर्णन यायचे, बस. मराठीत दोन्ही रचना आहेत, हिंदीत 'जो... वह' जास्त चालते. दुसरी गोष्ट दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची. 'आशिता कुरु तो इइमाशिता.' आशिता उद्या, कुरु येतो, 'तो' म्हणजे असे किंवा म्हणून, इइमाशिता म्हणाला. "उद्या येतो म्हणून म्हणाला." आमच्या मागच्या पिढीची मराठी नेमकी अशी होती. आजची मुले सांगतात, "त्याने सांगितलं की तो उद्या येणार आहे." हे मराठी चूक नाही, पण साचा "उसने कहा कि" चा आहे.

वर्गात आम्ही एक प्रयोग केला. दहा वाक्ये मराठीत सांगून मुलांना त्यांचे जपानी करायला दिले. 'जो-तो' आणि 'की' वापरून सांगितलेल्या वाक्यांत जवळजवळ सर्वांची गाडी अडली. तीच वाक्ये 'आलेला', 'येणारा', 'म्हणून' वापरून पुन्हा सांगितली तेव्हा ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते त्या मुलांनी ती सरळ उचलली. ज्यांच्या घरी आता हिंदीच चालते त्यांना 'आलेला' आणि 'येणारा' यांतला फरक आधी मराठीत समजावून द्यावा लागला. एक मुलगी म्हणाली, "सर, मला तर आधी मराठीची शिकवणी लावावी लागेल." ती हसत म्हणाली, पण बोलली ते खरे होते.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे. विश्वस्त मंडळासमोर एक सूचना आलेली आहे की, आठवड्याच्या दोन मराठी तासांपैकी एक तास कमी करून तो एखाद्या परदेशी भाषेला द्यावा, म्हणजे शाळेकडे नवीन प्रवेश येतील. सूचनेमागची काळजी आम्ही समजतो. प्रवेश घटले तर शाळा कशी चालणार, हे मंडळाला बघावेच लागते. पण आमचे मत या सूचनेच्या विरुद्ध आहे आणि ते इथे स्पष्ट नोंदवतो. जपानी शिकवायचीच असेल तर ती शाळा सुटल्यावर, शनिवारी, आज चालू आहे तशी शिकवू. मराठीचा तास काढून घेतला तर जपानी शिकताना जो आधार या मुलांजवळ आहे, आणि शेजारच्या दहा शाळांतल्या मुलांजवळ नाही, तोच आपण काढून घेऊ. शिंद्यांच्या काळापासून आपली घरे या गावात आहेत. इतक्या वर्षांत मराठी टिकली ती घरात बोलल्यामुळे. आता घरातले बोलणे कमी होत आहे, तेव्हा शाळेतले दोन तास ही चैन राहिलेली नाही. मंडळाच्या बैठकीत यावर चर्चा होईल, पालकांनीही आपले मत लेखी कळवावे.

मराठी सगळीकडेच पुरते असे मात्र कोणी समजू नये. आपण 'शाळेत' म्हणतो तिथे जपानीचे दोन प्रत्यय आहेत. 'शाळेत आहे' याला 'गाक्कोऽ नि', आणि 'शाळेत अभ्यास करतो' याला 'गाक्कोऽ दे'. नुसते असणे वेगळे, तिथे काही करणे वेगळे. 'आहे' सुद्धा सजीवाला 'इमास्', निर्जीवाला 'आरिमास्'. 'वा' आणि 'गा' यांतला भेद पहिल्या वर्षी पूर्ण कळत नाही, वाक्ये ऐकत राहावी. विशेषणाला भूतकाळ लागतो, 'ताकाइ' म्हणजे महाग, 'ताकाकात्ता' म्हणजे महाग होते, हे आपल्याला अगदी नवे. त्या बदल्यात लिंग नाही. तो जातो, ती जाते, ते जाते, सगळ्यांना एकच 'इकिमास्'. 'ती पेन की तो पेन' हा आपल्या घरातला जुना वाद जपानीत होऊच शकत नाही.

आकडे सोपे. अकरा म्हणजे 'दहा-एक', ब्याण्णव म्हणजे 'नऊ-दहा-दोन'. एकोणसत्तर की एकोणऐंशी, असा घोळ नाही. माणसे मोजताना 'हितोरि, फुतारि' असे वेगळे शब्द आहेत, जसे आपले एकटा, दोघे, तिघे, चौघे. 'दो लोग' म्हणणाऱ्याला हे विचित्र वाटते, 'दोघे' म्हणणाऱ्याला नाही. फक्त दहा हजाराला 'मान्' हे स्वतंत्र एकक आहे, तेव्हा एक लाख म्हणजे 'दहा मान्'. बाजारहाटाचे संवाद करताना इथे सर्वांचेच हिशेब चुकतात.

एकट्याचा अभ्यास

पुस्तक एकच धरावे. आमच्या गटाने 'मिन्ना नो निहोंगो' हे धरले आहे. नावाचा अर्थ 'सर्वांची जपानी'. १९९८ पासून जगभर चालणारे हे पुस्तक आहे, पहिल्या भागात २५ धडे आहेत. मुख्य पुस्तक पूर्ण जपानीत असते आणि शब्दार्थ व व्याकरण वेगळ्या पुस्तकात असते, हे विकत घेताना लक्षात ठेवावे. नाहीतर एकच आणून लोक हिरमुसतात. जपान फाउंडेशन या संस्थेचे 'इरोदोरि' हे पुस्तक ध्वनिफितींसह फुकट मिळते आणि तिचे 'मिनातो' नावाचे शिकवणीचे संकेतस्थळही आहे. जपानच्या एनएचके वर्ल्ड या प्रसारणसेवेने हिंदीतूनही जपानीचे धडे दिलेले आहेत, आजी-आजोबांना ते बरे पडतात.

रोज अर्धा तास. रविवारी तीन तास बसून सहा दिवस काही न करणे याचा उपयोग नाही, हे आम्ही गणितासाठी सांगतो तेच इथे. अक्षरे आणि शब्द यांच्यासाठी जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते करावेत, एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला मराठी. मिठाईचे तीन रिकामे डबे घ्यावेत. पहिल्या डब्यातले पत्ते रोज, दुसऱ्यातले तीन दिवसांनी, तिसऱ्यातले आठवड्याने. आला तो पत्ता पुढच्या डब्यात, चुकला तो परत पहिल्यात. मोबाईलवर हेच काम करणारी साधने आहेत, पण मुलांच्या हाती मोबाईल दिला की जपानी अर्धा तास आणि बाकीचे दीड तास होते, हे घरोघर माहीत आहे. पत्ते बरे. कांजी मात्र पत्त्यावर बघून येत नाही, हाताने लिहावी लागते. डोंगराची कांजी तीन शिखरांची, झाडाची एक, दोन झाडे म्हणजे झाडी आणि तीन झाडे म्हणजे अरण्य. सुरुवातीच्या अशा चित्रमय कांजींना मुले चित्रकलेसारखी चिकटतात. पुढच्या इतक्या गोड नाहीत.

संगतीचा अभ्यास

एकट्याने शिकलेली भाषा वहीत राहते. शनिवारी आम्ही जोड्या लावतो. एक दुकानदार, एक गिऱ्हाईक. एक पाहुणा, एक यजमान. पोहे-जिलेबीच्या गाडीवरचा संवाद सर्वांत रंगतो. "सुमिमासेन" (अहो, ऐकता का) म्हणून हाक मारायची, "कोरे ओ कुदासाइ" (हे द्या), "इकुरा देस् का" (कितीला). न कळल्यास "मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास्", पुन्हा एकदा सांगा. हे शेवटचे वाक्य पहिल्याच दिवशी पाठ करून घ्यावे, पुढे सर्वांत जास्त तेच लागते. नावापुढे 'सान' लावायचे, लहानाला 'चान', आणि स्वतःच्या नावापुढे काहीच नाही, जसे आपण स्वतःला 'राव' म्हणत नाही. आमच्या ग्रंथालयात 'तोत्तोचान'चा मराठी अनुवाद आहे. तेत्सुको कुरोयानागी यांना लहानपणी स्वतःचे नाव नीट ऐकू येत नसे, 'तेत्सुको-चान'चे 'तोत्तो-चान' झाले. त्यांच्या त्या आगळ्या शाळेची गोष्ट विद्यार्थ्यांआधी शिक्षकांनी वाचावी.

नवशिक्या-नवशिक्यांच्या गटात एक धोका असतो. सर्वांनी मिळून एकच चूक पक्की करायची! म्हणून संवाद मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून पुस्तकाच्या फितीशेजारी ठेवून ऐकतो. महिन्यातून एकदा पुण्यात नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी संगणकावरून भेटतो आणि तासभर सर्वांना दुरुस्त करतो. पुणे हे मराठी मुलखात जपानीचे मोठे ठिकाण आहे. विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ती शिकवली जाते, आणि सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे. उन्हाळ्यात नातेवाइकांकडे जाणाऱ्या मुलांनी ते पाहून यावे.

मोठ्या माणसांनी गटात येताना संकोच करू नये. उज्जैनचा परमार्थ नावाचा पंडित ५४६ मध्ये समुद्रमार्गे चीनला पोहोचला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. तिथे राजकीय गोंधळ, जागा बदलत राहिली, तरी मरेपर्यंत, म्हणजे ५६९ पर्यंत, त्याने संस्कृत ग्रंथांची चिनी भाषांतरे केली. काम एकट्याचे नव्हते. तो अर्थ सांगे, चिनी शिष्य लिहून घेत, शंका विचारीत, आणि वाक्य ठरे. आमचे बँकवाले आजोबा हे ऐकून म्हणाले, "मग मी वीस वर्षे उशिरा आलो एवढेच."

पालकांसाठी

जपानी भाषेची सर्वमान्य परीक्षा म्हणजे जेएलपीटी. २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत, एन-५ सर्वांत खालची, एन-१ सर्वांत वरची. भारतात पुणे, मुंबई, दिल्ली इत्यादी शहरांत ती होते, महिना जुलै आणि डिसेंबर. एन-५ ला १८० पैकी ८० गुण लागतात, पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी निदान १९ मिळायलाच हवेत. पाठांतरावर भर देणारे इथेच पडतात. परीक्षेत बोलणे आणि लिहिणे तपासत नाहीत, तेव्हा प्रमाणपत्र हाती आले म्हणजे बोलता येते असे नाही.

"तीन महिन्यांत जपान, नोकरीची हमी" अशा जाहिराती पालक आम्हाला आणून दाखवतात. पैसे भरण्यापूर्वी एवढे जाणून घ्यावे. २०१९ पासून जपानने विशिष्ट कुशल कामगारांसाठी जो व्हिसा सुरू केला आणि ज्याबद्दल भारताशी २०२१ मध्ये करार झाला, त्यासाठी साधारणपणे एन-४ किंवा त्या दर्जाची जेएफटी-बेसिक परीक्षा, आणि शिवाय त्या कामाची कौशल्य-परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नुसत्या एन-५ वर हे होत नाही, आणि नवशिक्याला एन-४ तीन महिन्यांत सहसा होत नाही. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीचे अर्ज दूतावासामार्फत करता येतात, त्यासाठी मध्यस्थाची गरज नसते. कागद समजत नसतील तर शाळेत घेऊन यावे, आम्ही बसून वाचू. दागिने मोडून भरलेले पैसे परत मिळवायला नंतर फार हेलपाटे पडतात.

आणि ज्यांची मनापासून इच्छा आहे त्यांची वाट बंदही नाही. मराठी घरातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा विभागाच्या परिषदेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे प्राचार्य झाले. प्राचार्य या नात्याने आम्हाला या दुसऱ्या गोष्टीचे अप्रूप अधिक.

नवीन गट पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता खालच्या मजल्यावरील ग्रंथालयात सुरू होईल. सहावीपासून पुढचे विद्यार्थी आणि कोणीही पालक येऊ शकतात, फी नाही. गणिताची चौकोनी वही, पेन्सिल आणि घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणाव्यात. पहिल्या दिवशी हिरागानाची आ-पासून को-पर्यंतची दहा अक्षरे होतील. येण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी घरातल्या मोठ्या माणसांकडून 'आलेला', 'केलेला', 'येणारा', 'जाणारा' असे शब्द असलेली पाच वाक्ये ऐकून, ती जशी बोलली तशीच वहीत लिहून आणावीत.